कलावतीबाईंचा धुळीचा चंदा

कलावतीबाई रामटेके चंदा मागायला निघाल्या आहेत ही बातमी गुढियारीच्या त्यांच्या पाऱ्यात (छत्तीसगढीत मोहल्ल्याला पारा म्हणतात) त्यांच्याआधी पोचायची. मग कोणी दिवा मालवायचं, कोणी पोराला ‘आई घरी नाही म्हणून सांग’ असं पढवायचं, कोणी ऐन वेळी अंघोळीला जायचं. उपयोग काही व्हायचा नाही. दिवा मालवलेल्या घरासमोर कलावतीबाई ओट्यावर बसायच्या आणि त्या घरच्या बाईच्या माहेरची चौकशी शेजारणीपाशी इतक्या मोठ्यानं करायच्या, की आतल्या बाईला खुलासा करायला बाहेर यावंच लागे. अंघोळीला गेलेल्याची त्या वाट बघायच्या. माणूस कधी ना कधी अंगावर शेवटचा तांब्या घेतोच, एवढा त्यांचा माणसांवर विश्वास होता.

भीमजयंतीची मिरवणूक, विहाराचं रंगकाम, कोणाचं आजारपण, सगळ्याचा चंदा त्यांच्याच हातचा. लोक कुरकुरत, पण देत, कारण बाईंची एक रीत होती. पैसे घ्यायला जितक्या दारी जायच्या, तितक्याच दारी काम झाल्यावर ते दाखवायला पुन्हा जायच्या. विहार रंगवला तेव्हा रंगाचे रिकामे डबेसुद्धा त्यांनी घरोघर दाखवले होते. त्यांचे यजमान हिरालालजी रेल्वेच्या वॅगन शॉपातून निवृत्त झालेले. जन्मभर लोखंड ठोकून त्यांना थोडं कमी ऐकू यायचं आणि ते बोलायचे त्याहून कमी, त्यामुळे संसार सुखाचा होता.

या घरात भानगड आणली ती धाकट्या मुलीनं. अपर्णा एका खासगी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायची आणि तिला धुळीचा अभ्यास करायचा होता. गुढियारीतल्या छतांवर महिन्याभरात किती धूळ बसते, त्या धुळीत काय काय असतं, हे तिला मोजून बघायचं होतं. प्राचार्यांनी तिचं तोंडभर कौतुक केलं आणि खर्चाचं नाव निघताच त्यांना मीटिंग आठवली. मग तिनं इंटरनेटवर एका साइटवर आपली योजना टाकली, सोबत स्वतःचा इंग्रजी बोलतानाचा व्हिडिओ टाकला आणि वाट बघत बसली.

“काय करून राहिली वं दिवसभर मोबाईलमध्ये?” कलावतीबाईंनी विचारलं.

“मम्मी, क्राउडफंडिंग आहे. देशभरातले अनोळखी लोक थोडे थोडे पैसे देतात, आणि आपला प्रोजेक्ट होतो.”

“म्हणजे चंदा.”

“चंदा नहीं, मम्मी. प्लॅटफॉर्म आहे. मुदतीत रक्कम पुरी नाही झाली तर सगळ्यांचे पैसे वापस जातात.”

“आन् देणाऱ्याले काय भेटते?”

“थँक्यू का ईमेल जाता है.”

“ईमेल,” कलावतीबाई म्हणाल्या. “त्याले काय चाटतील का ते? किती झाले?”

तीन जणांनी पैसे दिले होते. एक अपर्णाची भिलाईची मैत्रीण. एक स्वतः अपर्णा, कारण बटण चालतं की नाही ते तिला बघायचं होतं. आणि एक पुण्याचे कोणी अनोळखी गृहस्थ. या पुण्याच्या गृहस्थांबद्दल घरात फार आदर होता. त्यांनी चुकून बटण दाबलं असावं असं फक्त हिरालालजींना वाटायचं, पण त्यांनी ते बोलून दाखवलं नाही.

मुदत संपायला आली तशी पोरगी जेवेनाशी झाली. कलावतीबाईंना धुळीच्या विज्ञानातलं काही कळत नव्हतं, पण आपल्या मुलीनं मागितलं आणि लोकांनी दिलं नाही, हे त्यांच्या जिव्हारी लागलं. रामटेक्यांच्या घरातून चंद्याला निघालेलं माणूस रिकाम्या हातानं परत आल्याचं आजवर झालं नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी निळी साडी नेसली, चपला घातल्या आणि अपर्णाला म्हणाल्या, “मागताना माणसाचं तोंड दिसलं पाहिजे पोट्टी. तुह्या त्या इंटरनेटात कोणाले कोणाची लाजच वाटत नाही, तर देईल कोण?”

पहिलं घर बाबाराव गजभियांचं. ते सर झाल्याशिवाय पुढची घरं बधायची नाहीत. बाबाराव मालगाडीचे गार्ड होते. हिरवा आणि लाल असे दोन्ही झेंडे घेऊन त्यांनी नोकरी केली, पण निवृत्तीनंतर त्यांच्यापाशी लाल तेवढाच उरला होता.

“जय भीम, भाऊ. धुळीसाठी चंदा द्या.”

बाबारावांनी चष्मा पुसला. “धूळ तर फुकटच पडून राहिली बाई. पैसे कायचे?”

“मोजायचे.”

“मोजून?”

“मोजून समजंल, किती आहे ते.”

“हे पहा कलावतीबाई. जयंतीत मिरवणूक दिसते, विहाराले रंग दिला तर रंग दिसते. यात मले काय दिसंल?”

या प्रश्नाचं उत्तर खरं तर घरी विचारून यायला हवं होतं. पण दारात उभं राहून माघार घेणं बाईंच्या रक्तात नव्हतं. “तुमच्या छतावर महिन्याले किती धूळ पडते ते तुमच्या डोळ्याले दाखवीन,” त्या म्हणाल्या. “नाही दाखवली, तर यंदा जयंतीचा चंदा मागायले तुमच्याच काय, कोणाच्याच दारी येणार नाही.”

बाबारावांनी ताबडतोब पैसे दिले. संध्याकाळपर्यंत हा शब्द पाराभर झाला आणि चंदा पटापट जमू लागला. त्यातल्या किती जणांनी विज्ञानासाठी दिला आणि किती जणांनी बाईंचा शब्द जाईल या आशेनं दिला, हे सांगणं अवघड आहे. जयंतीचा चंदा आपल्या हातून गेला तर आपल्यापाशी उरतं काय, हा विचार कलावतीबाईंच्या मनात घरी आल्यावर आला. तेव्हा फार उशीर झाला होता.

धूळ धरायला अपर्णाला उभ्या काठाची स्टीलची भांडी हवी होती. नागपूरकडे ज्याला गंज म्हणतात तसली, बिनाझाकणाची पातेली. ती दुकानात मोजून घेताना कलावतीबाईंचं लक्ष कोपऱ्यात नाव घालायचं यंत्र घेऊन बसलेल्या माणसाकडे गेलं आणि ईमेलवरचा तोडगा त्यांना सापडला. चंदा देणाऱ्याचं नाव त्याच्या गंजावर घालायचं. ज्याचा गंज त्याच्याच छतावर. अपर्णालाही ही कल्पना भारी आवडली. लोकांना प्रयोग आपला वाटेल, असं ती म्हणाली. लोकांना तो इतका आपला वाटेल याची तिला कल्पना नव्हती.

बाबारावांनी मजकूर स्वतः लिहून दिला. ‘श्री. बाबाराव गजभिये, सेवानिवृत्त गार्ड, यांजकडून विज्ञानास सप्रेम भेट.’ तो गंजाला पूर्ण वळसा घालून पुन्हा ‘श्री’पाशी येऊन टेकला. ते बघून बाकीच्यांनीही आपापली पदं आठवली. कोणी माजी पंच निघाला, कोणी सेवानिवृत्त फिटर. चंदा पुरा झाला, साइटवर रक्कम भरली गेली आणि पुण्याच्या गृहस्थांचे पैसे परत जायचे वाचले.

डिसेंबरच्या सुरुवातीला विहाराच्या सभागृहात गंज वाटले. अपर्णानं माइकवरून समजावून सांगितलं, “महिनाभर गंज छतावर राहू द्यायचा. इसमें कुछ डालना नहीं है, इसको हाथ नहीं लगाना है. हवेतून जे पडेल ते पडू द्या.” सगळ्या बायांनी ‘हव, हव’ म्हणून माना डोलावल्या. आणि खरोखर महिनाभर कोणी त्यात ना पापड वाळवले, ना चिमण्यांना पाणी ठेवलं. कलावतीबाई रस्त्यावरून छतांकडे बघत जायच्या आणि काठावर चमकणारे गंज बघून त्यांचं मन भरून यायचं.

महिना भरला त्याच्या आदल्या संध्याकाळी त्या शिरस्त्याप्रमाणे घरोघर सांगून आल्या, “उद्या अपर्णा गंज न्यायले येणार आहे, तयार ठेवजा.”

दुसऱ्या दिवशी अपर्णा झाकणं घेऊन निघाली, पण झाकणांची गरजच पडली नाही. दारादारांत गंज तयार होते. चिंचेनं घासलेले, तोंड दिसेल असे लख्ख. आणि रिकामा एकही नव्हता. दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करायचं नाही हे त्या बायांना कोणी शिकवावं लागलं नव्हतं. कोणी साखर घातली होती, कोणी चिवडा, कोणी भाजलेले शेंगदाणे. कोपऱ्यावरच्या छत्तीसगढी वहिनींनी बेसनाची ठेठरी तळून दिली होती आणि वर म्हणाल्या होत्या, “दीदी, गरम हे, अभी खा ले.” बाबारावांच्या गंजातून तर रव्याचे लाडू शीग लावून वर आले होते.

अपर्णा ओसरीवर सगळे गंज मांडून बसली. एकेका गंजात तिनं डोकावून पाहिलं. मग ती म्हणाली, “मम्मी, मी रिपोर्ट में क्या लिखूँ? नमुना क्रमांक सात, ठेठरी?”

हिरालालजी तेवढ्यात बाहेर आले. घरी कशाचा तरी कार्यक्रम असावा असं समजून त्यांनी नमुना क्रमांक सात संपवला आणि नऊ नंबरच्या, बाबारावांच्या लाडवांना हात घातला.

कलावतीबाईंचा पारा चढला. “इतक्या शिकल्या-सवरलेल्या बाया,” त्या म्हणाल्या, “माइकवरून सांगितलं, तरी धुऊन ठेवतात म्हणजे काय? थांब, एकेकीले पाहतेच मी.” त्या पदर खोचून निघाल्याही. अपर्णा म्हणाली, “थांब. आपला तर आहे ना. एक नमुना तर भेटेल.” आणि ती धावत छतावर गेली.

ती खाली आली तेव्हा तिच्या हातात ‘सौ. कलावती हिरालाल रामटेके’ असं नाव घातलेला गंज होता. त्यात खिडकीचे गज दिसत होते. पाऱ्यातला सगळ्यात लख्ख गंज तोच.

कलावतीबाईंनी खोचलेला पदर सोडला आणि त्या ओसरीवर बसल्या. रोज सकाळी छतावर कपडे वाळत घालायला गेल्या की चिंधीनं गंज पुसायच्या, हे त्यांनाच तेव्हा पहिल्यांदा कळलं. नाव घातलेलं भांडं मळकं ठेवायचं नसतं, म्हणून हात आपला जायचा. कोणाला रागवायला जावं असं दारच उरलं नाही. त्यांना इतकी लाज वाटली की मुलीच्या तोंडाकडे बघवेना.

“मी साइटवर अपडेट टाकते,” अपर्णा हळूच म्हणाली. “प्रयोगात असं होते, मम्मी. लोक समझते हैं. जानेवारीत पुन्हा करता येईल, पण देणाऱ्यांनी हो म्हटलं पाहिजे.”

“तुह्या पुण्याच्या भाऊले टाक अपडेट,” कलावतीबाई उठत म्हणाल्या. “मी दारावर घेतले, मी दारावरच सांगते.”

त्या थेट गजभियांच्या दारात गेल्या. आजवर त्या दारात त्या मागायला उभ्या राहिल्या होत्या, हरायला कधीच नाही. बाबाराव खुर्चीतच होते.

“भाऊ, धूळ नाही दाखवू शकली,” त्या म्हणाल्या. “तयार ठेवा म्हणून मीच सांगत फिरली, आन् स्वतःचा गंजही मीच पुसला. पैसे पाहिजे असंल तर वापस देते. आन् जयंतीचा चंदा यंदा दुसऱ्या कोणाले मागू द्या.”

या क्षणाची बाबारावांनी महिनाभर वाट पाहिली होती. ते खुर्चीत नीट सावरून बसले, त्यांनी घसा साफ केला, आणि तेवढ्यात आतून त्यांची बायको अंजनाबाई हात पुसत बाहेर आली.

“गंज मी धुतला,” ती म्हणाली. “रोज धुतला. ‘सेवानिवृत्त गार्ड’ लिहिलेल्या गंजावर धूळ बसू देऊ? लोक काय म्हणतील, याच्या घरी भांडे घासायले कोणी नाही का? त्याच्यावर नाव नसतं ना वो बाई, तर मी ढुंकूनही पाहिलं नसतं.”

मग कलावतीबाई म्हणाल्या, “नाव झाकलं तर?”

“झाका. मग नाही धुत.”

“असं कसं?” बाबाराव खुर्चीतून उठले. “नावाचेच तर पैसे देल्ले मी.”

“तुम्ही लाडवाचे पैसे देल्ले काय?” अंजनाबाईंनी विचारलं. “रामटेकेभाऊंनी खाल्ले म्हणतात सारे.”

बाबारावांनी गच्चीकडे बघितलं, बायकोकडे बघितलं आणि शेवटी ते रेल्वेच्या भाषेवर आले. “ठीक आहे. गाडी लेट आहे, रद्द नाही. एक महिना वाढवून देतो. पण शब्द तोच.”

बाकीच्या घरांनीही हेच केलं. कोणी पैसे परत मागितले नाहीत. माजी पंच, सेवानिवृत्त फिटर, सगळ्यांनी आपापल्या पदवीवर जाड कागद चिकटवू दिला. चिकटवताना त्यांचे चेहरे बघण्यासारखे झाले होते. चंदा द्यायचा आणि नावही नाही, असं कलावतीबाईंनी आपल्या पाऱ्यात प्रथमच पाहिलं. त्या रडकुंडीला आल्या होत्या, पण हातात डिंक होता.

तो महिना त्यांना फार जड गेला. रोज सकाळी छतावर तो कागद चिकटवलेला गंज मळत चाललेला, आणि आपण जवळून नुसतं जायचं. त्यांच्या हाताला अक्षरशः खाज सुटायची. शेवटी त्यांनी कपडे वाळत घालायचं काम हिरालालजींकडे दिलं आणि स्वतः जिन्याची पायरी चढायची नाही असं ठरवलं. हिरालालजी शर्ट उलटे वाळत घालायचे, पण गंजाला त्यांनी बोट लावलं नाही. भांडं घासायची इच्छा त्यांना आयुष्यात कधी झालीच नव्हती.

या वेळी कलावतीबाईंनी आदल्या दिवशी कोणालाही सांगितलं नाही. सकाळीच मायलेकी गजभियांच्या छतावर जाऊन उभ्या राहिल्या. बाबाराव आणि अंजनाबाई मागोमाग आले.

चौघांनी गंजात डोकावून बघितलं. तळ दिसत नव्हता. काळपट करडी, मऊ, जाड साय धरल्यासारखी धूळ. अपर्णानं चमच्यानं किंचित रेघ ओढली तेव्हा खाली स्टील चमकलं.

“इतकी?” अंजनाबाई म्हणाली. “मी तर रोज छत झाडते.”

“म्हणूनच दिसत नव्हती, मावशी,” अपर्णा म्हणाली.

बाबारावांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि पुन्हा वाकून बघितलं. “दिसली,” ते म्हणाले. मग खाली उतरता उतरता, पाठ करूनच, “जयंतीच्या चंद्याले या.”

कलावतीबाईंना वाटलं होतं, हे ऐकून आपल्याला हर्ष होईल. झाला, पण थोडाच. पुढच्या घरी, त्याच्या पुढच्या घरी तेच. बाया हिरिरीनं आपापला गंज पुढे करत होत्या, आमच्याकडे जास्त, नाही आमच्याकडे, अशी थोडी भांडणंही झाली, आणि आत बघितल्यावर त्या पदर नाकाशी न्यायच्या. कलावतीबाई प्रत्येक दारात दाखवत गेल्या. शब्द पुरा होत होता आणि प्रत्येक गंजागणिक त्यांच्या छातीवरचं ओझं मात्र वाढत होतं.

सगळ्यात शेवटी राधिकाचं घर. ही गल्लीच्या टोकाला भाड्यानं राहणारी नवी सून, नवरा सचिन भनपुरीला ट्रान्सपोर्टमध्ये. घरात दोन महिन्यांचं बाळ. तिचा गंज छताच्या कठड्यावर होता आणि त्याच्या डोक्यावर दोरी बांधलेली होती. दोरीवर बाळाची झबली आणि लंगोट वाळत होते, सकाळीच धुतलेले, पांढरेशुभ्र.

राधिकानं गंजात बघितलं. “मॅडम, ये सब एक ही महिने का है?”

“हो,” अपर्णा म्हणाली.

राधिकानं मान वर करून दोरीकडे बघितलं. मग तिनं एक झबलं काढलं, झटकलं, खांद्यावर टाकलं. दुसरं काढलं. तिसरं हातात घेऊन ती थांबली आणि कलावतीबाईंना म्हणाली, “तो फिर काकी, इनको कहाँ सुखाऊँ?”

कलावतीबाईंनी आयुष्यभर लोकांच्या दारात उभं राहून कुठल्याही प्रश्नाला उत्तर दिलं होतं. त्यांनी उत्तरेकडे बघितलं. तिथे कारखान्यांच्या चिमण्या होत्या. दुसरीकडे मालधक्का, ट्रकांची रांग आणि त्याच्यापलीकडे तेलीबांध्याच्या नव्या इमारती, नुसत्या धुरकट. अपर्णा झाकण हातात घेऊन आईच्या तोंडाकडे बघत होती.

“मले नाही माहीत, बेटा,” कलावतीबाई म्हणाल्या, आणि दोरीवरचे उरलेले लंगोट काढायला त्यांनी हात लावला.